घरी सौर पॅनेल बनवावे का? मुंबईच्या हवेत काय टिकते आणि काय टिकत नाही

मुलुंडमधील एका सोसायटीत सर्वांत वरच्या मजल्यावर राहणारे एक गृहस्थ आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या पदविकेला असलेली त्यांची मुलगी यांचा प्रश्न असा आहे की, सुटे सौर सेल मागवून घरीच एक किलोवॅटची पॅनेल बनवता येतील का, ती गच्चीवर लावून विजेचे बिल कमी करता येईल का, आणि अशी पॅनेल किती वर्षे चालतील. गच्ची वापरायला सोसायटीची तोंडी संमती आहे, हातात सोल्डरिंगची सवय आहे आणि शनिवार-रविवार मोकळा आहे.

मी सौर पॅनेल बसवण्याचे आणि बिघडलेली पॅनेल उघडून तपासण्याचे काम बरीच वर्षे करतो आहे, आणि त्या अनुभवावरून स्पष्ट सांगतो: मुलीने एक लहान पॅनेल स्वतःच्या हाताने जरूर बनवावे, कारण त्यातून जे समजते ते पुस्तकातून समजत नाही, परंतु घरातील दिवे-पंखे ज्यावर अवलंबून राहणार आहेत ते पॅनेल तयारच विकत घ्यावे. घरी वीज तयार करणे कठीण नाही. तयार झालेल्या त्या नाजूक वस्तूपासून मुंबईचा पाऊस आणि खारी हवा वर्षानुवर्षे दूर ठेवणे कठीण आहे, आणि बाजारातील पॅनेलची किंमत मुख्यतः त्या बंदोबस्ताची असते.

आधी सेल म्हणजे काय हाती येते ते पाहू. घरी काम करणाऱ्यांना सहसा मिळतो तो १५६ मिलिमीटर चौरस सिलिकॉनचा सेल. त्याची जाडी एका मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी असते. भर उन्हात, टोके मोकळी असताना, त्यावर सुमारे ०.६ व्होल्ट दिसतात. काम करताना ते साधारण अर्ध्या व्होल्टवर येतात. प्रवाह मात्र ८ ते ९ अँपिअर असतो, म्हणजे एका सेलची शक्ती चार वॅटच्या थोडी वर. सेल कितीही मोठा केला तरी व्होल्टेज वाढत नाही, प्रवाह वाढतो. म्हणून व्होल्टेज हवे असेल तर सेल एकापुढे एक मालिकेतच जोडावे लागतात. १२ व्होल्टची बॅटरी भरण्यासाठी ३६ सेलांची मालिका रूढ झाली ती याच हिशेबाने: काम करताना सुमारे १८ व्होल्ट, मोकळे असताना २१ ते २२, आणि उन्हाने पॅनेल तापल्यावर व्होल्टेज घसरले तरी बॅटरी भरण्याइतके उरते.

आता एक किलोवॅटचा हिशेब करा. चार वॅटच्या वर काही शक्ती देणारे सुमारे २४० सेल लागतील. प्रत्येक सेलच्या पुढच्या बाजूला तीन आणि मागच्या बाजूला तीन तांब्याच्या पट्ट्या जोडायच्या, म्हणजे जोडकामाच्या १४४० ओळी. मालिकेतील प्रवाह सर्वांत दुबळ्या सेलइतकाच वाहतो, त्यामुळे यातील एखादी ओळ अर्धवट चिकटली तर त्या पूर्ण पॅनेलचे उत्पादन खाली येते आणि दोष कुठे आहे हे डोळ्यांना दिसत नाही. सहा-सात पॅनेल होतील, तितक्या काचा, तितक्या चौकटी, तितकी जोडणीची डबी. हेच काम आज बाजारातील ५५० वॅटची दोन पॅनेल करतात आणि गच्चीवर त्यांना जागाही कमी लागते.

खर्चाबाबत इतकेच सांगतो की, पॅनेल महाग होती त्या काळात नाकारलेले किंवा दुय्यम प्रतीचे सेल आणून घरी जोडणी करण्यात खरोखर बचत होती आणि जगभर पुष्कळ लोकांनी ती केली. आता परिस्थिती उलटली आहे. कारखान्यात सेल, काच, ॲल्युमिनियम हे सगळे घाऊक भावाने येते आणि जोडणी यंत्रे करतात. तुम्ही हेच सामान किरकोळ भावाने घेतले, त्यात फुटणाऱ्या सेलांची तूट धरली, की केवळ सामानाची बेरीज तयार पॅनेलच्या वर जाते. बचत हा हेतू असेल तर हा मार्ग इथेच संपतो.

कायद्याची बाजूही थोडक्यात पाहावी. बिल कमी करायचे म्हणजे गच्चीवरील वीज महावितरणच्या जाळ्याला जोडून नेट मीटर, म्हणजे घेतलेल्या विजेतून दिलेली वीज वजा करणारे मीटर, घ्यावे लागते, आणि त्यासाठी भारतीय मानकांनुसार चाचणी झालेली, नोंदणीकृत पॅनेलच चालतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाला पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्यासाठी १८,००० रुपये, असे कमाल ७८,००० रुपये अनुदान आहे; गृहनिर्माण संस्थेला लिफ्ट, पंप, जिन्यातील दिवे अशा सामायिक वापरासाठी दर किलोवॅटमागे १८,००० रुपये मिळतात. तेथेही देशात बनलेले सेल असलेली मान्यताप्राप्त पॅनेलच लागतात. घरी बनवलेले पॅनेल यात कुठेच बसत नाही. ते फक्त जाळ्यापासून अलिप्त, स्वतःच्या बॅटरीवर चालू शकते. गच्ची सर्व सभासदांची असते, म्हणून तोंडी संमतीवर समाधान न मानता सर्वसाधारण सभेचा ठराव लेखी घ्या; पुढे कार्यकारिणी बदलली तरी तो उपयोगी पडतो.

तरीही एक पॅनेल बनवा असे मी म्हणतो, आणि ते मनापासून म्हणतो. मात्र ते लहान असावे, चार किंवा फार तर नऊ सेलांचे. ३६ सेल लगेच हाती घेऊ नयेत. एकदा मालिका उलटी करताना मधला सेल तडकला की उत्साह संपतो.

पहिले काम सेल तपासण्याचे. खिडकीशी प्रत्येक सेल दोन बोटांनी कडेला धरून उजेडासमोर तिरका करा. केसाएवढी चीर असेल तर ती चकाकीत दिसते. मग मल्टिमीटर घ्या आणि कोणती बाजू धन, कोणती ऋण हे मोजून पाहा. जुन्या पद्धतीच्या सेलमध्ये निळी पुढची बाजू ऋण आणि राखाडी मागची बाजू धन असते, परंतु अलीकडे बाजारात आलेल्या काही प्रकारांत हे उलट आहे, आणि ऐकीव माहितीवर विसंबून केलेली मालिका पूर्ण उलगडावी लागते. थेट उन्हात मीटर १० अँपिअरच्या रेंजवर लावून प्रत्येक सेलचा शॉर्ट सर्किट प्रवाह, म्हणजे दोन्ही टोके थेट जोडल्यावर वाहणारा प्रवाह, मोजा आणि जवळपास सारखे आकडे देणारे सेल एका मालिकेत ठेवा. एकच कमजोर सेल बाकीच्या आठांना खाली ओढतो, म्हणून ही निवड वाटते त्याहून महत्त्वाची आहे. मीटर, फ्लक्स (कथील नीट चिकटावे म्हणून आधी लावतात तो द्रव), डायोड (प्रवाहाला एकाच दिशेने जाऊ देणारा भाग), तांब्याच्या कथील चढवलेल्या पट्ट्या हे सामान ग्रँट रोडजवळील लॅमिंग्टन रोडवर शोधावे; सेल मात्र सहसा मागवावे लागतात, आणि ते येताना काही फुटतात हे गृहीत धरून जास्तीचे मागवा.

आता जोडकाम. टेबलावर सपाट लाकडी फळी किंवा जाड काच ठेवा, तिच्यावरचा कण न् कण पुसा, कारण सेलखाली वाळूचा एक खडा असेल तर दाब दिल्यावर चीर बरोबर तिथूनच जाते. पंखा बंद करा. एप्रिल-मेच्या मुंबईत हे नकोसे वाटेल, पण सेल इतका हलका असतो की पंख्याच्या झोताने तो फळीवरून सरकतो, आणि वितळलेले कथील झोतात झटकन थंड झाले की जोड वरून चांगला दिसूनही आतून कच्चा राहतो. पट्टी सेलच्या लांबीच्या सुमारे दुप्पट कापा, म्हणजे ती एका सेलच्या पुढून निघून दुसऱ्याच्या मागे जाईल. सेलवरच्या चंदेरी रेषेवर फ्लक्सचा पातळ हात फिरवा, पट्टी तिच्यावर नीट बसवा, आणि चपट्या तोंडाच्या इस्त्रीने, म्हणजे सोल्डरिंग आयर्नने, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच सावकाश फटक्यात चार-पाच सेकंदांत जा. हात दाबायचा नाही, इस्त्रीचे वजन पुरते. पट्टीवर आधीच चढवलेले कथील वितळून खाली उतरते आणि पट्टीचा रंग फटक्यामागोमाग निस्तेजाचा चकचकीत होत जातो. तो बदल ज्या ठिकाणी थांबला त्या ठिकाणी उष्णता कमी पडली असे समजावे.

सेलच्या कडेपासून पाचेक मिलिमीटर पट्टी मोकळी सोडा, तिथे डाख देऊ नका. तांबे तापले की सिलिकॉनच्या कितीतरी पट अधिक प्रसरण पावते. दुपारी ६० अंशांच्या वर गेलेले पॅनेल रात्री २५ वर येते, आणि हे रोज घडते. कडेपर्यंत घट्ट जखडलेली पट्टी त्या रोजच्या ताणाने सेलची कड तोडते. दोन सेलांमध्ये दोन-तीन मिलिमीटर अंतर आणि तिथे पट्टीला किंचित बाक ठेवायचा तो याचसाठी. कथिलात शिसे असते, म्हणून खिडकी उघडी असावी, धूर नाकाशी येऊ देऊ नये, आणि काम झाल्यावर हात साबणाने धुतल्याखेरीज जेवायला बसू नये.

इथपर्यंतचे काम थोड्या सरावाने कोणालाही जमते. चार सेलांच्या मालिकेवर उन्हात दोन व्होल्टच्या वर आकडा दिसला की मुलीला जो आनंद होईल तो खरा आहे आणि तिने तो घ्यावा. खरी परीक्षा यानंतर येते.

पॅनेलच्या आत हवा राहता कामा नये. कारखान्यात कडक केलेली, लोह कमी असलेली ३.२ मिलिमीटरची काच खाली ठेवतात. तिच्यावर ईव्हीए नावाच्या प्लास्टिकचा पडदा, मग सेल, पुन्हा ईव्हीए आणि शेवटी मागचा बहुपदरी पडदा. हा सगळा संच निर्वात यंत्रात सुमारे १४५ अंशांवर दहा-पंधरा मिनिटे दाबून ठेवतात. तेथे दोन गोष्टी एकाच वेळी होतात. थरांमधील हवा ओढून काढली जाते, आणि ईव्हीएच्या रेणूसाखळ्या एकमेकींत गुंतून तो पुन्हा न वितळणारा होतो. घरी हीट गनने किंवा कपड्यांच्या इस्त्रीने हाच पडदा चिकटवण्याचे प्रयोग लोक करतात. चिकटतो, दिसतोही छान. परंतु साखळ्या पुरेशा गुंतलेल्या नसल्याने तो ७० अंशांच्या आसपास पुन्हा मऊ पडतो, आणि मे महिन्यात गच्चीवरचे पॅनेल त्या तापमानाच्या जवळ सहज जाते. मग आत राहिलेले बुडबुडे मोठे होतात आणि सेल हळूहळू जागा सोडतात.

दुसरा लोकप्रिय मार्ग म्हणजे काच आणि प्लायवूड किंवा दोन काचा यांची पेटी करून, आत सेल चिकटवून, कडा सिलिकॉनने बंद करणे. कोरड्या प्रदेशात अशी पेटी काही वर्षे काढते. मुंबईत ती एक पावसाळा काढेल की नाही, याची मला शंका असते. पेटी दिवसा तापते, आतली हवा फुगून बारीकशा फटीतून बाहेर जाते. संध्याकाळी सर आली की पेटी एकदम थंड होते आणि त्याच फटीतून बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. हा श्वास रोज चालतो. लोणच्याच्या बरणीत एकदा ओला चमचा गेला की बुरशी काही महिन्यांनी वर येते, तसेच इथेही आत गेलेला ओलावा लगेच दिसत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात काचेच्या आतून दव धरलेले दिसते, आणि पुढे पट्ट्यांच्या कडेला हिरवट डाग येतात. तो तांब्याचा गंज. मुंबईच्या हवेतले मीठ या कामाला वेग देते, कारण मिठाचा अंश असलेला ओलावा वीज वाहून नेतो आणि दोन पट्ट्यांमध्ये व्होल्टेज असतेच.

कडा बंद करण्यासाठी हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे साधारण सिलिकॉन घेऊ नका. लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो त्यातून ॲसेटिक आम्ल सुटते, आणि ते बंद पेटीत तांब्यावरच जाऊन बसते. न्यूट्रल क्युअर लिहिलेली नळी मागून घ्या. ती महाग असते, परंतु इथे पर्याय नाही.

काचेऐवजी ॲक्रिलिकचा पत्रा वापरू नये, तो उन्हात वाकतो आणि कडेची सील सुटते. इपॉक्सी ओतू नये, ते उन्हातील अतिनील किरणांनी पिवळे पडते आणि कडक होऊन सेल तोडते. शिकण्याच्या लहान पॅनेलसाठी दोन भाग मिसळून ओतायचे पारदर्शक सिलिकॉन सर्वांत चांगले, कारण ते मऊ राहते आणि पिवळे पडत नाही. किमतीमुळे ते मोठ्या पॅनेलला परवडत नाही, नऊ सेलांना परवडते. ओतण्याआधी मिश्रण काही वेळ स्थिर ठेवून बुडबुडे वर येऊ द्यावेत आणि एका कोपऱ्यातून सावकाश ओतावे.

तयार पॅनेलमागे किती बंदोबस्त असतो याची कल्पना चाचणीवरून येते. मानकानुसार नमुन्याचे पॅनेल ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रतेत सलग १००० तास ठेवतात. उणे ४० ते ८५ अंशांमध्ये २०० वेळा थंड-गरम करतात. आणि पृष्ठभागावर चौरस मीटरला २४०० न्यूटन दाब देतात. एवढे सोसून ज्याची शक्ती ठरलेल्या मर्यादेपेक्षा खाली जात नाही, तेच उत्तीर्ण होते. एवढे करूनही उष्ण हवामान पॅनेलला लवकर म्हातारे करते. पवईच्या आयआयटीत २०१० मध्ये स्थापन झालेल्या फोटोव्होल्टाइक संशोधन केंद्राने देशभरातील पॅनेलची पाहणी केली, तेव्हा थंड भागांपेक्षा उष्ण भागांतील पॅनेल अधिक वेगाने खालावल्याचे आढळले. चाचणी झालेल्या पॅनेलची ही स्थिती असेल, तर घरच्या पेटीकडून आपण काय अपेक्षा करायची, हे ठरवणे अवघड नाही.

आगीचा मुद्दा मी वेगळा काढतो, कारण त्याकडे फार दुर्लक्ष होते. मालिकेतील एका सेलवर सावली पडली, तर तो स्वतः वीज बनवणे थांबवतो, मात्र बाकीचे सेल आपला प्रवाह त्याच्यातून ढकलत राहतात. त्यांची शक्ती मग त्या एका सेलमध्ये उष्णता होऊन बाहेर पडते. मुंबईच्या गच्चीवर यासाठी मोठी सावली लागत नाही. कबुतराची विष्ठा वाळून एका सेलवर बसली, पाण्याच्या टाकीच्या पाइपची सावली एका ओळीवर आली, एवढे पुरे. तयार पॅनेलमध्ये मागच्या डबीत बायपास डायोड असतात. सावली पडली की ते प्रवाहाला बाजूने वाट देतात. घरच्या ३६ सेलांच्या पॅनेलमध्ये प्रत्येक १८ सेलांमागे असा एक डायोड घातला नाही, आणि मागे प्लायवूड असले, तर तापलेला सेल आणि वाळके लाकूड यांच्यात काही मिलिमीटरचे अंतर उरते. लाकडी पाठीचे पॅनेल कोणाचीही देखरेख नसताना गच्चीवर लावणे मला मान्य नाही, आणि इमारतीत खाली वीस-तीस कुटुंबे झोपत असताना तर मुळीच नाही.

त्यानंतर वारा. भारतीय मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे. त्या वेगाला चौरस मीटरवर पडणारा दाब काढला तर तो सुमारे ११६० न्यूटन येतो, म्हणजे एका चौरस मीटरच्या पॅनेलवर अंदाजे ११८ किलोचा जोर, आणि तो वर उचलणाराही असू शकतो. जून २०२० मध्ये निसर्ग आणि मे २०२१ मध्ये तौक्ते ही चक्रीवादळे किनाऱ्याजवळून गेली तेव्हा हा आकडा कागदावरचा राहिला नव्हता. पॅनेल दोरीने किंवा केबल टायने कठड्याला बांधू नका. गंजरोधक लोखंडी सांगाडा आणि त्याच्या पायांवर काँक्रीटचे ठोकळे ठेवा. गच्चीत भोके पाडू नका, कारण वॉटरप्रूफिंगचा थर एकदा फोडला की खालच्या घरातील छतावर ओल उतरते आणि सोसायटीतील तुमची संमतीही तिच्याबरोबर जाते. ठोकळ्यांचे वजन मात्र जाणकाराकडून ठरवून घ्या, ते इमारतीची उंची आणि कठड्याचा आडोसा यांवर बदलते.

मग स्वतःच्या हाताने काय करावे? माझ्या मते बॅटरीवर चालणारी लहान व्यवस्था, आणि त्यात मुलीला पॅनेल बनवण्याइतकेच, किंबहुना अधिक, शिकायला मिळेल. मुंबईचा अक्षांश १९ अंश आहे. दक्षिणेकडे तोंड करून तेवढाच कल द्या. वर्षाची सरासरी धरली तर एक किलोवॅट पॅनेल दिवसाला साधारण चार युनिट, म्हणजे ४००० वॅट-तास, देते, जुलै-ऑगस्टच्या ढगांत ते एप्रिलच्या निम्म्याच्या जवळपास येते.

घरात ३० वॅटचा एक बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा दहा तास, नऊ वॅटचे तीन दिवे पाच तास आणि दहा वॅटचा राउटर दिवसभर, असा वापर धरा. बेरीज सुमारे ६७५ वॅट-तास होते; इन्व्हर्टर आणि बॅटरीतील तूट मिळवली की साडेआठशे-नऊशे. सरासरी दिवसाला यासाठी सव्वादोनशे वॅटचे पॅनेल पुरते, परंतु पावसाळ्यातही काम भागायचे असेल तर ४०० वॅटचे एक पॅनेल घ्यावे. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची, १२.८ व्होल्ट आणि १०० अँपिअर-तास, म्हणजे १२८० वॅट-तासांची. तिच्यातील ८० टक्के वापरले तरी एका दिवसाची गरज भागते. चार्ज कंट्रोलर, म्हणजे पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये बसून भरणे सांभाळणारे यंत्र, एमपीपीटी प्रकारचा (पॅनेलमधून जास्तीत जास्त शक्ती काढणारा) आणि ४० अँपिअरचा हवा, कारण ४०० वॅट साडेबारा-तेरा व्होल्टवर आले की प्रवाह तिसाच्या वर जातो.

कंट्रोलर गच्चीवर ठेवायचा की खाली घरात, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. चार चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचे दहा मीटर जाणे आणि दहा मीटर येणे धरले, तर रोध सुमारे ०.१ ओहम होतो. पॅनेलच्या बाजूला १० अँपिअर वाहत असतात, तेथे एक व्होल्ट खर्ची पडतो आणि चाळीसातला एक चालून जातो. बॅटरीच्या बाजूला ३० अँपिअर वाहतात, तेथे त्याच तारेत तीन व्होल्ट जातात, म्हणजे बारातला चौथा हिस्सा. म्हणून कंट्रोलर खाली, बॅटरीच्या शेजारी, आणि त्या दोघांमधली तार जाड व आखूड असावी.

घरातील वितरण पेटीत असतो तो एमसीबी, म्हणजे प्रवाह फार वाढला की आपोआप पडणारा स्विच, इथे लावू नका. घरच्या विजेचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडताना पडणारी ठिणगी आपोआप विझते. पॅनेलचा आणि बॅटरीचा प्रवाह एकाच दिशेचा असतो, तो शून्यावर येत नाही. ठिणगी ताणली जाते, जळत राहते आणि स्विचचे तोंड वितळवते. डीसी असे लिहिलेलेच एमसीबी आणि फ्यूज घ्या, आणि बॅटरीचा फ्यूज तिच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत बसवा. जोडताना कंट्रोलरला आधी बॅटरी, मग पॅनेल. सोडवताना आधी पॅनेल, मग बॅटरी. पॅनेलच्या ॲल्युमिनियम चौकटीला अर्थिंग हवेच.

मुलीने बनवलेले चार किंवा नऊ सेलांचे पॅनेल याच सांगाड्यावर, तयार पॅनेलच्या शेजारी, एका लहान रोधाला (रेझिस्टरला) जोडून ठेवा. त्याची पाठ लाकडाची नसावी. मेच्या शेवटी, मृग लागण्याआधी, स्वच्छ उन्हात भर दुपारी तीन आकडे लिहून ठेवा: मोकळ्या टोकांचे व्होल्टेज, शॉर्ट सर्किट प्रवाह आणि रोध जोडलेला असतानाचे व्होल्टेज. ऑक्टोबरमध्ये पुन्हा तसेच मोजा. दोन्ही वेळा शेजारच्या तयार पॅनेलचाही शॉर्ट सर्किट प्रवाह मोजा, म्हणजे त्या दिवशीचे ऊन कमी होते की आपले पॅनेल खालावले हे वेगळे करता येईल. प्रवाह घटला असेल तर वरचा थर पिवळा पडला आहे, सेलपासून सुटला आहे किंवा एखादा सेल तडकला आहे. प्रवाह तसाच असून रोधावरचे व्होल्टेज घटले असेल तर जोडांत गंज शिरला आहे. मोकळ्या टोकांचे व्होल्टेज अर्ध्या-पाऊण व्होल्टने एकदम कमी झाले असेल तर एक सेल आतून शॉर्ट झाला आहे. प्रत्येक वेळी पॅनेलच्या पाठीचे तापमानही लिहा, कारण दर अंशामागे व्होल्टेज सुमारे ०.३ टक्के घसरते, आणि मेच्या दुपारचा आकडा ऑक्टोबरच्या आकड्याशी ताडून पाहताना तेवढी दुरुस्ती करावी लागते.